पेव आणि धरण : भीमेच्या गाळातील वायूचा इतिहास

मंगळवेढ्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले ते दोन कारणांनी. पहिले दामाजीपंत, दुसरे ज्वारी. पंधराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात बिदरच्या बहामनी राजवटीच्या या कामदाराने सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा कीर्तनकारांनी गावोगाव नेली. विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाचा हिशेब चुकता केला, हा त्या कथेचा उत्तरार्ध. ज्वारीचे म्हणाल तर भीमा आणि माण या नद्यांच्या टापूतली इथली काळी जमीन पावसाचे पाणी महिनोनमहिने धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. कोठार आणि ज्वारी या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, ती जागा म्हणजे पेव.

कोरड्या, उंचवट्याच्या जागी खोल खड्डा खणायचा, आत कडब्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवात असलेला प्राणवायू तो हळूहळू संपवतो आणि त्याच्या जागी कर्बवायू साठतो. त्यामुळे कीड मरते, धान्य टिकते. पण पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरला तर तोही मरतो. म्हणून जाणती माणसे पेवाचे तोंड उघडून बराच वेळ थांबत, मग दोरीला बांधून दिवा खाली सोडत. दिवा विझला तर उतरायचे नाही. रसायनशास्त्राचे नाव ऐकले नसले तरी शेतकऱ्याला एवढे पक्के ठाऊक होते की, जिथे सेंद्रिय वस्तू साठते आणि हवा खेळत नाही, तिथे वायू तयार होतो; आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मंगळवेढ्याच्या वरच्या अंगाला, भीमेवर, १९८० पासून एक अतिप्रचंड पेव उभे आहे. त्यात धान्य नाही; पाणी, गाळ आणि शैवाल आहे. त्याच्या तोंडाशी दिवा धरून पाहण्याची पद्धत मात्र अजून रुजलेली नाही. त्या पेवाचा, म्हणजे उजनी धरणाचा, आणि त्याच्या तळाशी तयार होणाऱ्या वायूच्या ज्ञानाचा इतिहास इथे मांडायचा आहे.

वाहती भीमा आणि बांधलेली तळी

बाराव्या शतकात कलचुरींचा बिज्जल कल्याणीची गादी बळकावण्याआधी मंगळवेढ्याहून कारभार पाहत होता. बसवेश्वरांच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा काळ याच गावात गेला. त्यांचे समकालीन सिद्धरामेश्वर यांनी सोलापुरात तळे खोदवले. सिद्धेश्वर मंदिराभोवतीचा तलाव तो हाच, असे परंपरा सांगते. अवर्षणाच्या या प्रदेशात तळे बांधणे हे धर्मकार्य होते. तळ्याला एक शिस्तही होती. उन्हाळ्यात पाणी हटले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर व्हायची, आणि तळातला गाळ बैलगाड्यांनी शेतात जायचा. पावसाने शेतातून तळ्यात आणलेला कस माणूस पुन्हा शेतात नेऊन टाकत असे.

नदीची शिस्त वेगळी होती. उन्हाळ्यात भीमेचे पात्र वाळूचे व्हायचे आणि पावसाळ्यात ती सगळे धुऊन नेत असे. औरंगजेबाला याचा अनुभव आला. १६९५ ते १६९९ या काळात त्याची छावणी मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी होती. शेजारच्या माचणूरचा किल्ला त्याच मुक्कामाची खूण. हिंदुस्थानचा तो अफाट लष्करी तळ भीमेच्या महापुराने उद्ध्वस्त केल्याची नोंद इतिहासकारांनी केली आहे. पुराच्या विध्वंसाबद्दल आपण बोलतो. पण पूर आणखी एक काम करत असे. वर्षभराचा कुजका गाळ, पालापाचोळा, घाण उचलून तो कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात नेऊन टाकत असे. वाहत्या, उथळ पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ कुजले तर मुख्यतः कर्बवायूच होतो. गाळ एका जागी, खोल पाण्याखाली, वर्षानुवर्षे बसून राहिला तर मात्र गोष्ट बदलते.

चिखलातली ज्योत

ही गोष्ट कशी बदलते हे पहिल्यांदा पाहिले ते आलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने. विजेच्या घटामुळे ज्याचे नाव पुढे ‘व्होल्ट’ या एककात अमर झाले, तोच हा व्होल्टा. १७७६ च्या नोव्हेंबरात तो माज्जोरे सरोवराच्या काठी होडीतून हिंडत होता. काठीने तळाचा चिखल ढवळला की बुडबुडे वर येत. ते त्याने पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले आणि ज्योत लावली. वायू निळसर ज्वाळेने जळला. आज त्याला आपण मिथेन म्हणतो. दलदलीवर रात्री दिसणाऱ्या ज्वाळेला आपल्याकडे आग्या वेताळ म्हणत. त्या वेताळाचा एक अंश व्होल्टाने बाटलीत भरला, असे म्हणायला हरकत नाही.

चिखलात हा वायू तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायू सहन करू शकत नाहीत. बाकीचे जिवाणू आधी सेंद्रिय पदार्थ मोडून त्याची साधी आम्ले करतात आणि या साखळीच्या शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव येतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असल्याने तिथे दुसरे जिवाणू त्यांच्या तोंडचा घास पळवतात. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, त्यामुळे मिथेनवाल्यांना रान मोकळे. गोबरगॅसच्या टाकीत हेच सूक्ष्मजीव राबतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू धरून वापरण्याचा प्रयोग झाला होता. म्हणजे मैल्यातून जळणारा वायू निघतो, हे ज्ञान महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

टाकीत धरलेला मिथेन जळण होतो आणि जळल्यावर कर्बवायू होतो. न जळता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. पुढच्या सगळ्या विवेचनाला हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

पाणी हिरवे का होते?

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचा आइनार नाउमान आणि जर्मनीचा आउगुस्ट थिनेमान यांनी तळ्यांची वर्गवारी केली. ज्यात पोषणद्रव्ये कमी ते स्वच्छ, निळसर तळे. ज्यात ती विपुल ते हिरवे, गढूळ तळे. नैसर्गिकरीत्या एका प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर व्हायला हजारो वर्षे लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र युरोप-अमेरिकेतली तळी एका पिढीत हिरवी झाली. दोष कुणाचा, यावर मोठा वाद माजला. साबण-उद्योगाच्या बाजूचे लोक म्हणत, शैवाल कार्बनामुळे वाढते. फॉस्फेटला उगाच बदनाम करू नका.

हा वाद एका तळ्याने मिटवला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ‘२२६’ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा उभा केला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले. दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पहिला भाग काळसर स्वच्छ आणि दुसरा हिरवागार दिसला. कार्बन हवेतून मिळतो, काही नीलहरित शैवाले नायट्रोजनही हवेतून घेतात; फॉस्फरस मात्र हवेत नाही. तो पाण्यात कुणीतरी आणून टाकावा लागतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी पंचमहासरोवरांसाठी १९७२ मध्ये करार केला होता. त्यातल्या फॉस्फरसवरच्या बंधनांना या प्रयोगाने भक्कम आधार दिला.

त्या काळात चिंता होती ती दुर्गंधीची, मेलेल्या माशांची आणि पिण्याच्या पाण्याची. हवामानाचा विचार नंतर आला. १९९३ मध्ये कॅनडातल्याच संशोधकांनी जलविद्युत धरणांतून हरितगृह वायू निघतात का, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. सुरुवातीचे उत्तर असे होते की, बुडालेले जंगल कुजते म्हणून वायू निघतो; काही वर्षांनी तो थांबेल. ही समजूत पुढे तोकडी ठरली. २०१६ साली जगभरच्या मोजमापांचा आढावा घेणाऱ्या एका अभ्यासात दिसले की, जलाशयांच्या वायूंचा हवामानावर जो परिणाम होतो त्यात सुमारे ८० टक्के वाटा मिथेनचा आहे आणि मिथेनचे प्रमाण जलाशय किती हिरवा आहे यावर ठरते. २०१९ मध्ये बोल्यू, डेलसॉन्ट्रो आणि डाउनिंग या शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की, पोषणद्रव्यांचे प्रदूषण असेच वाढत राहिले तर या शतकात तळी आणि जलाशय यांतून निघणारा मिथेन ३० ते ९० टक्क्यांनी वाढेल.

कारण सोपे आहे. लाकूड कुजायला वेळ लागतो. शैवाल कोवळे असते, ते मेले की झपाट्याने कुजते. कुजताना ते तळाचा प्राणवायू संपवते आणि मिथेनवाल्यांसाठी ताट वाढून ठेवते. शैवाल उन्हात कर्बवायू शोषते, म्हणून हिरवे तळे हवेला शुद्ध करते असा भास होतो. पण हवेतून कर्बवायूच्या रूपाने घेतलेला कार्बन ते तळे मिथेनच्या रूपाने परत करू लागले, की देण्यापेक्षा परतफेड जड होते. शिवाय सांडपाण्यातल्या नायट्रोजनपासून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो तर कर्बवायूच्या २७३ पट प्रभावी.

उजनी : मृत साठ्याचे जिवंत राजकारण

आता भीमेकडे वळू. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर असे त्याच्या जलाशयाचे नाव. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यापैकी उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी आणि मृत साठा सुमारे ६३.५ टीएमसी. निम्म्याहून अधिक पाणी ‘मृत’ असणारे हे धरण आहे. सोलापूर जिल्ह्यात ‘उजनी उणे इतके टक्के’ ही भाषा त्यामुळेच रुळली. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता.

या धरणाने जिल्ह्याचे रूप पालटले. कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. उजव्या कालव्याचे पाणी मंगळवेढा तालुक्यातही आले. तालुक्याच्या दक्षिणेकडची गावे मात्र कालव्याच्या पलीकडे राहिली आणि पाण्यासाठी झगडत राहिली. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात वारकऱ्यांना स्नान घडते तेही उजनीतून सोडलेल्या पाण्याने.

ज्या काळात धरणाचे आराखडे झाले त्या काळात वरचे पुणे लहान होते. १९६१ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख होती. २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर गेली. खडकवासला, पानशेत, पवना या धरणांत स्वच्छ पाणी अडते, ते शहरात जाते, आणि वापरून झाले की मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने भीमेत उतरते. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत उजनीकडे वाहते ते बहुतांशी हेच वापरलेले पाणी. त्याला साखरपट्ट्यातल्या खतांची आणि काठच्या गावांच्या सांडपाण्याची भर पडते. उन्हाळ्यात जलाशयावर हिरवा तवंग येतो, काठाला जलपर्णी साचते, देशी मासे कमी होऊन चिलापीचे राज्य होते. शैवालाचे अक्षरशः पेव फुटते.

आणि मृत साठा? खालच्या पाण्याची हालचाल कमी, प्राणवायू कमी, आणि वरून मेलेल्या शैवालाचा पाऊस. मिथेनला याहून अनुकूल जागा सांगणे अवघड. त्यात आपली उष्ण हवा; तापमान वाढते तसा या सूक्ष्मजीवांचा वेग झपाट्याने वाढतो. जलाशयाची पातळी उन्हाळ्यात उतरते तेव्हा गाळावरचा पाण्याचा दाब कमी होतो आणि अडकलेले बुडबुडे सुटतात. खोल पाण्यातून वर येताना मिथेनचा बराचसा भाग वाटेतच दुसरे जिवाणू खाऊन टाकतात. उथळ पाण्यातला बुडबुडा मात्र थेट हवेत पोचतो. दरवाजातून वा विद्युतगृहातून खोल पाणी सोडले की विरघळलेला वायूही बाहेर पडतो, सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा.

एक साधा हिशेब

दामाजीपंतांची कथा शेवटी हिशेबाची कथा आहे. तेव्हा आपणही हिशेब करून पाहू. माणसाच्या शरीरातून रोज साधारण एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. २०११ ची दोन महापालिकांची लोकसंख्या धरली, ४८ लाख, तर रोज सुमारे ५ टन. यात साबण आणि कारखाने धरलेले नाहीत. एक ग्रॅम फॉस्फरसवर शैवाल सुमारे ४० ग्रॅम कार्बन बांधते. म्हणजे हा सगळा फॉस्फरस जलाशयात पोचला तर रोज २०० टन, वर्षाला सुमारे ७३ हजार टन कार्बनाचे शैवाल पोसण्याची त्याची ऐपत आहे. सगळा पोचत नाही हे खरे. काही शुद्धीकरण केंद्रांत आणि काही नदीच्या गाळात अडकतो. पण जो पोचतो तो एकदाच वापरला जात नाही. तळाशी प्राणवायू संपला की गाळात बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा वर येतो आणि पुन्हा शैवाल पोसतो.

या ७३ हजार टनांपैकी शंभरातला एकच भाग मिथेन होऊन हवेत गेला असे धरले, तर वर्षाला सुमारे ९७० टन मिथेन होतो. २७ ने गुणले की २६ हजार टन कर्बवायूच्या बरोबरीचा परिणाम. हा प्रत्यक्ष मोजणीचा आकडा नाही, ऐपतीचा अंदाज आहे. पण प्रश्नाचा आकार त्यावरून कळतो.

दुसरा हिशेब आंतरराष्ट्रीय आहे. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने देशांनी आपल्या वायूंची मोजदाद कशी करावी याची सुधारित नियमावली २०१९ मध्ये काढली. तीत सांडपाणी वाहत्या नदीत सोडले तर मिथेनचा गुणक ०.०३५ आणि तलावात, जलाशयात किंवा खाडीत सोडले तर ०.१९ धरावा, असे सांगितले आहे. तेच सांडपाणी, तीच घाण, पण पाणी थांबले की मिथेन पाचपटीहून जास्त. पुण्याचे सांडपाणी नदीत पडते आणि नदी जलाशयात थांबते. मग ते कुठल्या रकान्यात लिहायचे? शहर म्हणेल, आम्ही नदीत सोडले. पाटबंधारे खाते म्हणेल, आम्ही पाणी अडवले, घाण नाही. दोन चोपड्यांच्या मधल्या फटीत वायू निसटतो.

देहूचा धडा

याच खोऱ्यात, इंद्रायणीच्या काठी, एका डॉक्टरने याचे उत्तर शोधून ठेवले होते. डॉ. सुहास मापुसकर देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा गावात संडास जवळजवळ नव्हते. आप्पासाहेब पटवर्धनांच्या सफाईकार्याची प्रेरणा घेऊन त्यांनी घरोघर संडास उभे करण्याचे काम हाती घेतले आणि संडासाला जोडलेले जैववायू संयंत्र विकसित केले. ‘मलप्रभा’ हे त्याचे नाव. मैला टाकीत, वायू चुलीवर, उरलेला राळा खत म्हणून शेतात. मरणोत्तर २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जो मैला नदीवाटे उजनीत जाऊन वायू होतो, तोच देहूत घरच्या भाकरीखाली जळत होता.

शहराच्या पातळीवर हेच तत्त्व लागू आहे, पण एक मेख आहे. नेहमीचे शुद्धीकरण केंद्र सेंद्रिय घाण आणि वास काढते. फॉस्फरसचा मोठा भाग मात्र तसाच पुढे जाऊ देते. बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि उजनीत पोचून शैवालाला खाऊ घालते. २०१६ मध्ये मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेशी कर्जाचा करार झाला. त्याच वर्षी ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली. अशा योजनांचे यश किती लाख लिटर पाणी ‘शुद्ध’ केले यावर मोजले, तर उजनी हिरवीच राहील. किती किलो फॉस्फरस अडवला, हा आकडा विचारायला हवा. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने १९६० च्या दशकात आपले सांडपाणी वॉशिंग्टन सरोवरातून वळवले आणि काही वर्षांत ते सरोवर पुन्हा नितळ झाले. म्हणजे हिरवे पाणी हा अटळ भोग नाही.

गाळाचाही विचार व्हावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ पासून आहे आणि जुन्या तळ्यांच्या शिस्तीशी तिचे नाते आहे. गाळाबरोबर फॉस्फरस शेतात परत येतो. खताचा तेवढा खर्च वाचतो आणि मिथेनचे तेवढे अन्न कमी होते. फक्त कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेला गाळ शेतात टाकण्याआधी त्यात जड धातू किती आहेत हे तपासलेच पाहिजे.

दिवा कुणी सोडायचा?

मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न दुहेरी उभा राहतो. वरच्या शहरांची घाण त्याच्या कालव्यात येते. आणि त्या घाणीतून निघालेला वायू ज्या हवामानाला तापवतो, त्याच हवामानाच्या लहरीवर त्याची कोरडवाहू ज्वारी अवलंबून असते. मालदांडी ज्वारी पिकवायला ना कालवा लागतो ना फारसे खत. हवामान बिघडवण्यात तिचा वाटा नगण्य. परतीचा पाऊस चुकला तर मात्र पहिला फटका तिलाच. ज्याने सर्वांत कमी घेतले त्याच्याकडून वसुली व्हावी, असा हा व्यवहार आहे.

तोडगे अवाढव्य नाहीत. उजनीत महिन्यातून एकदा ठरावीक ठिकाणी तळाचा प्राणवायू, फॉस्फरस आणि बुडबुड्यांतला मिथेन मोजता येईल. बुडबुडे धरायला लागते ते उपडे नरसाळे आणि बाटली. व्होल्टाने यापेक्षा फार वेगळे काही वापरले नव्हते. सोलापूरचे विद्यापीठ, खोऱ्यातली महाविद्यालये, काठचे मच्छीमार मिळून हे काम उभे करू शकतात. आकडे हाती आले की पुण्याच्या शुद्धीकरण केंद्रांना फॉस्फरसची मर्यादा घालण्याची मागणी भावनेवर नव्हे, चोपडीवर उभी राहील.

पेवात माणूस उतरवण्याआधी दिवा सोडायचा, हा या मुलखाचा जुना नियम. तो नियम कुणा सरकारने केला नव्हता. ज्यांना आत उतरायचे होते त्यांनीच केला होता. उजनीच्या बाबतीत आत उतरणारे आपणच आहोत. ते पाणी सोलापूर पिते, पंढरपुरात त्यात वारकरी न्हातो, मंगळवेढ्याचे शेत त्यावर भिजते. तेव्हा दिवा कुणी सोडायचा, याचे उत्तर खालच्या अंगाच्या गावांनीच द्यायचे आहे.